धाकटू शिगवणांचे चार टायर

शिमगा होऊन आठेक दिवस झाले असतील.
लांज्याच्या दुकानात पंख्याखाली मी बिलं लावत बसलेली
आणि धाकटू शिगवण आले.
चपलांना चिरेखाणीचा तांबडा गाळ,
तो पायरीवर घासून मगच आत.

"बाय, टायर दाखव.
चिखलात चालणारा. आन् बर्फात."

जोमोन हातात पाना धरून हसला.
बारा वर्षं झाली त्याला कोट्टयमहून येऊन,
बर्फ म्हटलं की त्याला मिरकरवाड्याची फॅक्टरीच दिसते,
लाद्या, भुसा, सुरमईचे उघडे डोळे.
मीही हसले असते.
पण त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला:
हापूस, दोनशे पेट्या, पोच कारगिल,
मे महिन्याचा पहिला आठवडा.
"वाटंत घाट हाय म्हनं एक.
आंबा घाटासारकाच. फकस्त पांढरा."

मग मी टायर काढले.
वडलांनी शिकवलेलं, आधी भाव सांगायचा नाही,
आधी खाचेत बोट घालायला लावायचं.
ह्यात बघा, दोन बोटं जातात.
खाणीतला चिकट गाळ इथे थांबतच नाही,
चाक फिरलं की भिरकावून देतं
मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर.
आणि हा दुसरा,
ह्याला बारीक चिरा दिल्यात,
मसाला भरायच्या आधी बांगड्याला देतो तशा.
रबर मऊ, थंडीत लाकूड होत नाही.
कंपनीचा माणूस सांगून गेला होता
(बर्फ त्यानंही टीव्हीवरच पाहिलेला)
की बर्फ ह्या चिरांमध्ये भरलेलाच राहू द्यायचा,
बर्फाला बर्फच धरतो.

धाकटू बराच वेळ गप्प.
अंगठ्याचं नख एका चिरेत.
"म्हंजे ह्यानं टाकायचं, आन् त्यानं धरायचं."
हो.
"आन् दोनी करनारा?"
आहे. दोन्ही थोडं थोडं करतो.
"आमच्या सरपंचासारका."

मी खोटं बोलले नाही.
मऊ रबर एप्रिलच्या डांबरावर खोडरबरासारखं झिजेल,
पनवेल येईस्तोवर हजारभर रुपये रस्त्यावर पुसले जातील.
रुंद खाचांचा बर्फावर कदाचित चालेलही,
पण वेळेवर थांबणार नाही.
साखळ्या घ्या, म्हटलं, तिकडे भाड्याने मिळतात.
दोन संच परवडत नाहीत हे ते म्हणाले नाहीत,
मीही विचारलं नाही.
ट्रकभोवती त्यांनी एक फेरी मारली, मग दुसरी,
बैल घेताना मारतात तशी,
शेपटीपाशी जरा जास्त थांबून.

शेवटी मागे चार, दोन्ही करणारे.
पुढचे जुनेच.
स्टेपनी मात्र चिखलाची.
"वर आडकलो तर बर्फ इतळंपरयंत बसू.
हितं चिखल दसऱ्याबिगर सुकत नाय."
सहा हजार उधार. वहीत लिहिले.

जूनच्या मध्यावर ट्रक परत आला,
पुन्हा चिऱ्यांनी वाकलेला,
मागच्या डाव्या चाकात बोटभर खिळा.
कसे चालले?
"बर्फ वायच. सकाळचा.
दुपार झाली का, बाय, समदा चिखलच.
काळा. आपल्याकडं नाय आसला."
पाच तास रांग जागची हलली नाही म्हणे,
एक पेटी फोडली, पुढच्यामागच्या ड्रायव्हरांना वाटली,
आणि पेंढा एका मेंढीने खाल्ला.
पेटीचे पैसे व्यापाऱ्याने कापले.

जोमोन पेचकसाने खाचा कोरत होता.
वर आपली तांबडी माती,
तिच्याखाली राखाडी पापुद्रा, सुकलेला,
आणि त्यात रुतलेला एक खडा, चपटा, अभ्रकाचा.
टाक तो, धाकटू म्हणाले.
काउंटरवर दोन हजार ठेवले,
बाकी गणपतीच्या आधी देतो म्हणाले.
मी वही उघडली तोवर
दारातून वारा आला, नोटा उडायला लागल्या.
त्यांनी फरशीवरचा खडा उचलला,
सदऱ्याला पुसला,
आणि नोटांवर ठेवला.